व्हिएन्नातला ख्रिसमस: व्हिसाच्या अर्जापासून २४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत

दिवाळीची खरेदी, गर्दी, झगमगाट दाखवायला पाहुण्यांना पुण्यात बोलवायचं असेल, तर तुम्ही त्यांना लक्ष्मीपूजनाच्या आदल्या आठवड्यात बोलवाल. पाडव्याच्या दुपारी कुणी त्यांना लक्ष्मी रोडवर नेणार नाही. युरोपातल्या ख्रिसमसचं गणित तसंच आहे, आणि आपल्याकडून निघणाऱ्या बहुतेकांना ते तिथे पोचल्यावर कळतं.

आम्हालाही तसंच कळलं. २०२४ मध्ये आई-बाबांना घेऊन आम्ही २१ डिसेंबरला व्हिएन्नात उतरलो. दुसऱ्या दिवशी रविवार, दुकानं बंद. सोमवार २३ हा कितीतरी ख्रिसमस बाजारांचा शेवटचा दिवस. मंगळवारी दुपारी सगळं शहर आवरायला लागलं. वर्षभर पैसे साठवून काढलेल्या सहलीत बाजार असे दीडच दिवस पाहायला मिळाले. २०२५ मध्ये मी धाकट्या बहिणीबरोबर पुन्हा गेले, या वेळी ८ डिसेंबरला, आणि मग कळलं की आदल्या वर्षी काय निसटलं होतं. दोन्ही खेपांचा अनुभव एकत्र करून हे लिहिते आहे.

१. आधी तारखा ठरवा, मग तिकीट

व्हिएन्नातला सण २५ तारखेला सुरू होत नाही, त्या दिवशी तो घरात जातो. बाहेरचा उत्सव म्हणजे आधीचे चार आठवडे, ज्याला तिथे 'आडव्हेंट' म्हणतात. बाजार नोव्हेंबरच्या मध्यापासून लागतात. ६ डिसेंबरला मुलांना खाऊ वाटणारा संत निकोलाउस येतो, आदल्या संध्याकाळी त्याचा शिंगवाला सोबती क्राम्पुस. भेटवस्तू मात्र तिथे सांताक्लॉज आणत नाही. त्या २४ च्या संध्याकाळी 'क्रिस्टकिंड', म्हणजे बाळ येशू, आणतो, अशी श्रद्धा आहे. म्हणून २४ ची संध्याकाळ हीच त्यांची मुख्य वेळ, आणि ती घरच्यांसाठी राखलेली.

माझं स्पष्ट मत: आठ दिवस असतील तर ८ ते १८ डिसेंबरच्या दरम्यान बसवा. सुट्ट्यांमुळे नाताळातच जाणं भाग असेल, तर निदान १८-१९ पर्यंत पोचा.

२०२६ साली जाणार असाल तर हे आत्ताच लिहून ठेवा: २५ डिसेंबर शुक्रवार, २६ शनिवार, २७ रविवार. २५ आणि २६ या सार्वजनिक सुट्ट्या, आणि रविवारी दुकानं एरवीही बंदच. म्हणजे २४ च्या दुपारपासून २८ च्या सकाळपर्यंत साधा ब्रेड घ्यायचा तरी शोधाशोध. ८ डिसेंबर हीसुद्धा तिथे धार्मिक सुट्टी असते, पण त्या दिवशी दुकानांना उघडायची मुभा आहे आणि लोक खरेदीला लोटतात.

२. शेंगेन व्हिसा: ऑगस्ट-सप्टेंबरात हलायला लागा

व्हिएन्ना ऑस्ट्रियात, आणि ऑस्ट्रिया शेंगेन गटात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांमध्ये आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि नियमानुसार किमान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, शंका आली तर ४५ पर्यंत लांबू शकतो. खरी अडचण अर्ज देण्यासाठीची वेळ मिळण्याची. दिवाळीच्या सुट्टीला जाणारे आणि नाताळला जाणारे एकाच रांगेत असतात. अर्ज व्हीएफएसच्या, म्हणजे दूतावासासाठी अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीच्या, केंद्रात द्यायचा, बोटांचे ठसेही तिथेच होतात. निर्णय दूतावासाचा.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे प्रथम शिराल त्याच्याकडे. 'अमुक देशाचा व्हिसा लवकर मिळतो' म्हणून तिकडून अर्ज करून राहायचं भलतीकडेच, हे करू नका. पुढच्या अर्जाच्या वेळी ते अंगाशी येतं.

शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत.

कागदपत्रं अशी:

– पासपोर्ट: गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान ३ महिने मुदतीचा, दोन कोरी पानं असलेला. जुने पासपोर्टही बरोबर न्या.
– भरून सही केलेला अर्ज, ३५ × ४५ मिलिमीटरचे नवे फोटो.
– विमानाचं जाण्या-येण्याचं आरक्षण.
– प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा.
– किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा.
– बँकेचा शिक्का असलेली गेल्या काही महिन्यांची स्टेटमेंट, आयटीआर.
– नोकरदारांना सॅलरी स्लिप आणि रजा मंजुरीचं पत्र, व्यावसायिकांना नोंदणीचे कागद, निवृत्तांना पेन्शनची कागदपत्रं.
– कव्हरिंग लेटर: कोण कोण, कशासाठी, किती दिवस, खर्च कोणाचा.
– मुलं असतील तर जन्मदाखला, आणि आई-वडिलांपैकी एकच बरोबर असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र.

यात आम्ही फसलो ते तारखांमध्ये. आमचं विमान रात्री दीडचं, म्हणजे २१ तारखेचं. पण घरात सगळे 'वीसला निघायचं' म्हणत होते. त्यामुळे कव्हरिंग लेटरात २०, विम्यावर २१, आणि एका हॉटेलच्या बुकिंगवर पुन्हा २०. केंद्रातल्या बाईंनी तीन कागद शेजारी ठेवून विचारलं, "यातली खरी तारीख कोणती?" ठाण्याहून पुन्हा हेलपाटा झाला. अर्ज द्यायच्या आदल्या रात्री फक्त तारखा तपासायला म्हणून एकदा बसा: तिकीट, विमा, हॉटेल, रजा, पत्र. पाचही ठिकाणी एकच तारीख हवी.

बँकेत अर्जाच्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम भरू नका. मुलाने किंवा जावयाने आईच्या खात्यात लाख-दोन लाख टाकणं घरोघरी घडतं. त्यापेक्षा खर्च मुलगा करतो आहे असं पत्र आणि त्याचे कागद लावणं सरळ.

नातेवाइकांकडे उतरणार असाल तर दोन गोष्टी जास्तीच्या. खर्चाची हमी यजमान घेणार असेल, तर त्याला तिकडच्या पोलिसांकडे रीतसर हमीपत्र द्यावं लागतं. आणि तुम्ही पोचल्यावर तीन दिवसांच्या आत तुमची राहण्याची नोंद स्थानिक कार्यालयात करावी लागते. तिला 'मेल्डेत्सेटेल' म्हणतात. हॉटेलात हे काम हॉटेलवाले करतात. भाचीकडे गेल्यावर ते कुणाच्या लक्षातच येत नाही.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर येण्या-जाण्याची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी तिथे चेहऱ्याचा फोटो घेतात. पहिल्या खेपेला वेळ लागतो, म्हणून पुढचं विमान किंवा गाडी पकडायची असेल तर मध्ये चांगली फुरसत ठेवा.

३. मुक्काम कुठे

व्हिएन्नाचा पिनकोडच जिल्हा सांगतो. मधले दोन आकडे बघायचे: १०१० म्हणजे पहिला जिल्हा, ऐन जुनं शहर, १०७० म्हणजे सातवा, ११०० म्हणजे दहावा. बुकिंग करताना 'शहराच्या मध्यापासून जवळ' या शब्दांपेक्षा हा आकडा पाहा.

पहिल्या जिल्ह्यात डिसेंबरात राहायची गरज नाही, दर चढे असतात. तिसरा, चौथा, सातवा हे जिल्हे उत्तम, किंवा दहाव्यातला मुख्य स्थानकाजवळचा भाग. अट एकच: भुयारी रेल्वेचं, तिथल्या भाषेत 'उ-बान'चं स्थानक पाच-सात मिनिटांच्या चालीवर हवं. थंडीत वयस्कर माणसांना पंधरा मिनिटं चालणं जड जातं. स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर घ्याच. का, ते सहाव्या टप्प्यात कळेल.

४. विमानतळावरून शहरात, आणि शहरात फिरताना

विमानतळावर उतरल्याबरोबर हिरव्या रंगाची, न थांबता जाणारी खास गाडी नजरेत भरते. ती १६ मिनिटांत पोचवते, पण महाग आहे. साध्या रेल्वेची रेलजेट नावाची गाडी मुख्य स्थानकाला, म्हणजे 'हाउप्टबानहोफ'ला, साधारण १५ मिनिटांत जाते आणि एस-७ लोकल थोड्या जास्त वेळात 'विएन मिटे' स्थानकाला. दोन्हींचं भाडं त्या गाडीच्या निम्म्याहूनही कमी. चार जणांच्या कुटुंबाला हा फरक एका जेवणाचा पडतो.

सापळा इथे आहे: शहराचा दिवसांचा पास विमानतळापर्यंत चालत नाही. विमानतळ शहराच्या हद्दीबाहेर आहे, तेवढ्या टप्प्याचं जोडतिकीट वेगळं काढावं लागतं.

शहरात उ-बान, ट्राम आणि बस एकाच तिकिटावर. स्थानकात आपल्या मेट्रोसारखी दारं नाहीत, सरळ आत जाता येतं. म्हणून तिकीट तपासत नाहीत असं समजू नका. साध्या वेशातले तपासनीस डब्यात चढतात आणि दंड १०० युरोंच्या वर आहे. कागदी तिकीट असेल तर फलाटाकडे जाण्याआधीच्या निळ्या पेटीत घालून त्यावर शिक्का उमटवायचा, नाहीतर ते विनातिकीटच धरतात. काही तिकिटं यंत्रातूनच शिक्क्यासह येतात. वेळ छापलेली दिसली की झालं.

५. बाजार: कोणता, कधी

१२९८ मध्ये ड्यूक आल्ब्रेख्त पहिला याने व्हिएन्नाला डिसेंबरचा बाजार भरवायची परवानगी दिली, तिथपासून ही परंपरा मोजतात. आज शहरभर लहान-मोठे बाजार असतात. सगळे बघायच्या मागे लागू नका, दोनानंतर वस्तू सारख्या दिसायला लागतात.

राटहाउसप्लात्झ, म्हणजे नगरभवनासमोरचा बाजार, सर्वांत मोठा. बर्फावर घसरायचं मैदान, झाडांवर हृदयाच्या आकाराचे लाल दिवे, आणि दरवर्षी एखाद्या प्रांताकडून भेट येणारा उंच ख्रिसमस वृक्ष. मुलांना हाच आवडतो. खरेदी मात्र इथे करू नका. २६ तारखेपर्यंत चालतो.

माझा जीव जडला तो श्पिटलबेर्गवर. सातव्या जिल्ह्यातल्या अरुंद दगडी गल्ल्या, दोन्ही बाजूंना जुनी घरं, आणि त्यांच्या मधून एकाला एक लागून लाकडी टपऱ्या. तिथे एका म्हाताऱ्या कारागिराकडून बहिणीने साच्यात मेण ओतून केलेला छोटा देवदूत घेतला. त्याने तो जुन्या वर्तमानपत्रात इतक्या जपून गुंडाळला की मुंबईत उघडेपर्यंत पंखाला ओरखडाही नव्हता. खऱ्या हातच्या वस्तूंसाठी दुसरी जागा कार्ल्सप्लात्झ, कार्ल्सकिर्शे या मोठ्या घुमटाच्या चर्चसमोर. इथे कारागीर निवडून घेतात, खाणं सेंद्रिय असतं, आणि मधोमध मुलांना लोळायला सुक्या गवताचं मैदान. फ्रायुंगवरचा बाजार छोटा आणि जुन्या वळणाचा. हे तिन्ही २३ तारखेला उठतात, हे विसरू नका. शोनब्रुन राजवाड्याच्या अंगणातला बाजार मात्र नाताळनंतरही नववर्षाचा बाजार म्हणून चालू राहतो. उशिरा पोचणाऱ्यांना तोच आधार.

वेळ? आठवड्याच्या मधला दिवस, दुपारी तीन. डिसेंबरात तिथे सूर्य चारच्या सुमारास मावळतो. तीनला गेलात तर उजेडात वस्तू नीट पाहून होतात, चारला दिवे लागताना तुम्ही तिथेच असता, आणि साडेपाचला कचेऱ्या सुटून गर्दी उसळायच्या आत बाहेर पडता. शनिवारी संध्याकाळी आई-बाबांना घेऊन राटहाउसप्लात्झला गेलो होतो. आईला कोपरभर जागा मिळत नव्हती आणि बाबा दहा मिनिटं दिसेनासे झाले. भेटायची एक खूण आधीच ठरवा.

रोख पैसे जवळ ठेवा, पुष्कळ टपऱ्यांवर कार्ड चालत नाही. पुन्श किंवा ग्ल्यूवाइन, म्हणजे मसाले घातलेली गरम वाइन, चिनी मातीच्या मगमध्ये देतात आणि मगची अनामत म्हणून पाचएक युरो आधीच घेतात. तो मग परत केलात की पैसे परत. ठेवून घेतलात तर तीच आठवण, प्रत्येक बाजाराचं चित्र वेगळं असतं. मुलांना आणि न पिणाऱ्यांना 'किंडरपुन्श' मागा, त्यात दारू नसते.

६. शाकाहारी घराला

हा टप्पा मी सावकाश लिहिते, कारण आईच्या जेवणाची काळजी मला सर्वांत जास्त होती.

बाजारात बिनघोर खाता येईल अशी पहिली गोष्ट म्हणजे मारोनी, निखाऱ्यावर भाजलेले चेस्टनट. कागदाच्या पुडीत गरमागरम देतात, चव रताळ्याच्या जवळची. शेजारीच बटाट्याच्या भाजलेल्या फोडी मिळतात. साखरेत घोळवलेले बदाम आहेत. लांगोश म्हणजे तळलेली मोठी पुरीच, वर लसणीचं पाणी. तेल कोणतं ते मात्र विचारा. बटाट्याचं किसून केलेलं 'कार्टोफेलपुफर' थालीपिठासारखं दिसतं, पण त्यात बहुधा अंडं असतं. 'कायझरश्मारन' हा गोड पदार्थ तर अंड्यांचाच.

नावाने फसवणारे दोन. 'केझेक्रायनर' मधलं 'केझे' म्हणजे चीज, म्हणून तो चीजचा पदार्थ वाटतो. तो चीज भरलेला मांसाचा सॉसेज आहे. आणि 'श्माल्त्स' लावलेला ब्रेड दिसायला लोण्याचा, असतो डुकराच्या चरबीचा.

तीन शब्द पाठ करा: 'ओने फ्लाइश' म्हणजे मांसाशिवाय, 'ओने आय' म्हणजे अंड्याशिवाय, 'वेगेटारिश' म्हणजे शाकाहारी. सुरुवात 'ग्र्यूस गॉट' या तिथल्या नमस्काराने करा. ते न म्हणता एकदम मागणी केली तर माणसं आखडतात, हे मी दोन्ही वर्षी पाहिलं.

घरून खाकरे, चिवडा, मेतकूट, लोणचं, डाळ-तांदूळ न्या. पण पेढे, बर्फी, तूप, पनीर नको. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे. ताज्या कढीपत्त्यालाही तिथे आडकाठी आहे.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं. पहिली नळवाहिनी १८७३ मध्ये सुरू झाली. बाबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "आपल्या गावच्या विहिरीचं पाणी असं होतं."

७. २४ तारखेची तयारी

दुकानं दुपारी दोनला बंद होतात. त्यानंतर बाजार एकेक करून आवरतात, हॉटेलांचे पडदे ओढले जातात, रस्ते रिकामे होतात. आम्ही साडेसहाला 'काहीतरी खाऊन येऊ' म्हणून निघालो आणि पाऊण तास गल्ल्यांमधून फिरलो. घराघरांच्या खिडक्यांत दिवे होते, बाहेर चिटपाखरू नव्हतं. आई थंडीने थरथरत होती. शेवटी मुख्य स्थानकात ब्रेड, चीज आणि टोमॅटो मिळाले, आणि खोलीवर येऊन सँडविच खाल्ली.

तुम्ही असं करा:

– २३ च्या संध्याकाळपर्यंत चार दिवसांचं किराणा सामान, दूध, फळं, औषधं घेऊन ठेवा.
– बाहेर जेवायचं असेल तर निदान दोन आठवडे आधी टेबल राखून ठेवा, आणि फोन करून खात्री करा.
– अडलंच तर मोठ्या स्थानकांतली, म्हणजे हाउप्टबानहोफ किंवा प्राटरश्टेर्नची, दुकानं सुट्टीतही काही तास उघडी असतात. गर्दी फार.
– गाड्या रात्री चालू असतात, त्याची चिंता नको.

मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे ख्रिसमसच्या प्रार्थनेला, श्टेफान्सडोम या मुख्य चर्चमध्ये प्रचंड गर्दी होते. आम्ही आमच्या वस्तीतल्या छोट्या चर्चमध्ये गेलो. कुणी कोण-कुठले विचारलं नाही, एका आजींनी सरकून आईला बाकावर जागा दिली आणि हातात पेटती मेणबत्ती दिली. भाषा एकमेकींची कळत नव्हती. आई अजून त्या आजींबद्दल बोलते.

२५ आणि २६ ला शोनब्रुन राजवाडा उघडा असतो, तो वर्षाचे ३६५ दिवस उघडा. या दोन दिवसांसाठी राजवाडा आणि संग्रहालयं राखून ठेवा, तिकिटं वेळ निवडून आधी काढा. १ जानेवारीच्या प्रसिद्ध नववर्ष मैफलीची तिकिटं सोडतीने देतात आणि त्यासाठी नाव नोंदवायचं ते आदल्या फेब्रुवारीत. रस्त्यावर जुन्या दरबारी पोशाखात तिकिटं विकणारे भेटतील, ती वेगळ्याच कार्यक्रमांची असतात. संगीत ऐकायचंच असेल तर सरकारी ऑपेराची उभ्याने पाहायची स्वस्त तिकिटं घ्या.

८. बॅगेत काय

तापमान शून्याच्या आसपास खेळतं. बर्फ पडेलच असं नाही, पण वारा हाडांत शिरतो. एकच जाडजूड कोट नेण्यापेक्षा थर्मल, स्वेटर आणि वारा अडवणारं जॅकेट असे तीन थर हवेत, कारण दुकानांत आणि गाड्यांत गरम होतं आणि सारखं काढ-घाल करावं लागतं. सर्वांत जास्त पैसे बुटांवर घालवा: जाड तळव्याचे, पाणी न शिरणारे, आणि घरी महिनाभर घालून पायाला बसलेले. कानटोपी, हातमोजे, लोकरी मोज्यांचे चार जोड, ओठांना लावायला मलम.

आपले मोठे तीन पिनांचे चार्जर तिथे बसत नाहीत, दोन गोल पिनांचा अडॅप्टर न्या. यूपीआयवर अवलंबून राहू नका. फॉरेक्स कार्ड आणि दोन-तीनशे युरो रोख, दोन वेगळ्या खिशांत. एका दुकानात ७५ युरोंच्या वर खरेदी झाली तर करपरताव्याचा कागद मागून घ्या. परतताना विमानतळावर बॅग जमा करण्याआधी त्यावर कस्टम्सचा शिक्का लागतो, म्हणून ती वस्तू वरतीच ठेवा. बहिणीचा मेणाचा देवदूत मात्र आम्ही हातातल्या पिशवीतूनच आणला.